राजारामपुरीत धो धो, शिवाजी पेठ कोरडी

मे महिन्यातल्या कोल्हापुरात दुपारभर अंगाची काहिली होते. चारच्या सुमारास जोतिबाच्या डोंगरावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग चढू लागतो. तासाभरात राजारामपुरीत रस्त्यावरून पाणी वाहतं आणि शिवाजी पेठेत साधी धूळही बसत नाही. कारण वळीव सुट्या सुट्या पेशींनी, म्हणजे आपापली चढती हवा आणि पाऊस असलेल्या ढगांनी पडतो आणि एका पेशीचा पसारा जेमतेम ५ ते १० किलोमीटर असतो.

तापलेली हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंडावते. ढगाचा तळ किती उंच, हे घरबसल्या काढता येतं: तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) वजा करा, १२५ ने गुणा. ३७ आणि १९ अंश असतील तर सुमारे २२५० मीटर. तिथून पुढे वाफेचं पाणी होताना ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी उष्णता सुटते. म्हणून ढगातली हवा भोवतालपेक्षा उबदार राहते आणि १२ किलोमीटरच्याही वर धडकते. कधी मध्येच उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग नुसताच उकाडा, पाऊस नाही. तेच झाकण उशिरा फुटलं, की वळीव झोडपून काढतो.

पेशीचा घात तिचाच पाऊस करतो. थेंब आणि गारा खाली येताना हवेला ओढून आणतात. ढगाखालच्या कोरड्या हवेत काही थेंब वाटेतच विरतात, हवा गारठते, जड होते, जमिनीवर आदळून चौफेर पसरते. पावसाआधी मातीचा वास घेऊन येणारा गार झोत तो हाच. पत्रे उडतात, ऊस लोळतो तेही यानेच. वर जाणाऱ्या उबदार हवेची वाट तो तोडतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पेशी संपते. बायर्स आणि ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी १९४६-४७ मध्ये अमेरिकेत ढगांतून विमानं नेऊन हा जन्म-मृत्यूचा क्रम मांडला.

पण पहिली सर ओसरली म्हणून गाफील राहू नका. पसरणारी गार हवा शेजारची उबदार हवा पाचरीसारखी उचलते आणि तिथे नवी पेशी उभी राहते. वरचा वारा खालच्यापेक्षा बराच वेगळा असेल, तर पाऊस चढत्या हवेपासून बाजूला पडतो, पेशी जास्त जगते आणि गारा मोठ्या होतात. गार कापून पाहा, बऱ्याचदा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

वीज दिसल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा: तेवढे किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी आले, तर पक्क्या घरात जा. झाड किंवा उघडी पत्र्याची शेड नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, कारण पावसापासून १० किलोमीटर दूर, कोरड्या रानातही वीज पडते.