भरपूर पाणी प्यायल्याने किडनी ‘धुऊन’ निघत नाही

किडनीचा जुनाट आजार पाण्याने मागे हटतो, हा समज चुकीचा आहे. कॅनडात ६३१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१८) वर्षभर जादा पाणी पिण्याचा आग्रह धरूनही किडनीची घसरण मंदावली नाही. मुतखड्याची गोष्ट वेगळी. तिथे पाणी हवेच.

डायलिसिसवर (यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर) असणाऱ्यांच्या मात्र भरपूर पाणी पिण्याचा सल्ला अंगाशी येतो. लघवी बंद असेल, तर अंगात साचलेल्या पाण्याच्या दर लिटरमागे वजन १ किलो वाढते. यंत्राने तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलीपेक्षा वेगाने पाणी ओढले, की रक्तदाब कोसळण्याचा, पायात गोळे येण्याचा धोका वाढतो, हृदयावरही ताण पडतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे डायलिसिसच्या ४ तासांत जेमतेम ३ लिटर पाणी काढता येते. म्हणून आधी मीठ कमी करा; खारट खाऊन तहान मारणे कुणालाच जमत नाही.