नजर लोहानं गेली, की लोह काढणाऱ्या औषधानं?

थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार, त्यात वरचेवर रक्त चढवावं लागतं. अशा पोरांना घेऊन जत-आटपाडीकडून, पार कर्नाटकातूनही आईबाप मिरजेला येतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "लोह वाढलं की डोळे जातात." हे अर्धंच खरं आहे.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी चढते, मग हा हिशेब जुळणार कसा? साठलेलं लोह आधी यकृत, हृदय आणि संप्रेरकांच्या ग्रंथी धरतं. डोळ्यालाही त्रास होऊ शकतो, पण बहुधा सावकाश, वर्षानुवर्षं उपचार कमी पडले तर.

नजर जाण्याचं दुसरं कारण म्हणजे हे लोह बांधून बाहेर काढणारं औषध डिफेरॉक्सामिन, आपल्या ओळखीचं डेस्फेराल. पोटाच्या कातडीखाली सुई, छोटा पंप, 8 ते 12 तास, आठवड्यातून 5-6 रात्री. लघवी लालसर होते ती निघालेल्या लोहामुळे. नवखी आई मात्र रक्त समजून घाबरते. हेच औषध डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं. पोर संध्याकाळी उंबऱ्याला ठेचकाळतं, रंग ओळखताना चुकतं, समोरचं धूसर दिसतं. काहींना ऐकूही कमी येतं.

खरी मेख पुढे आहे. या औषधाचा धोका लोह उतरल्यावर वाढतो. बांधायला लोह कमी उरलेलं असतं आणि डोस जुनाच चालू असतो. डॉक्टर एक साधा भागाकार करतात: किलोमागे रोजचा सरासरी डोस भागिले फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा), उत्तर 0.025 च्या खाली हवं. 40 मिलिग्रॅमचा डोस 2000 फेरिटिनला 0.02, म्हणजे ठीक. फेरिटिन 1000 वर आलं की तोच डोस 0.04 होतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे वाटावेत, पण त्याच भेटीत डोसचंही विचारावं. लोह काढणाऱ्या दुसऱ्या, गोळीवाल्या डिफेरासिरॉक्सलाही वर्षातून एकदा डोळे-कान तपासायचे असतात.

औषधानं गेलेली नजर, ते औषध वेळीच थांबवलं तर बऱ्याचदा थोडीफार परतते, नेहमी नाही. तरीही पंप आपल्या मनानं कायमचा काढून ठेवू नये, लोह हृदयात साठत राहतं. शंका आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आणि चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नये: सुरुवातीला पडदा वरवर ठीकच दिसू शकतो, बिघाड ईआरजीसारख्या, पडद्याचे विद्युत संकेत मोजणाऱ्या तपासणीत सापडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना पंपाचं औषध चालू असल्याचं आधीच सांगावं.