पणजोबांचा माग: फेरफार, थडगं आणि डीएनए

‘खातेदार गणू बिन राघू मयत. वारस मुलगा धोंडू, अ.पा.क. आई भागीरथी कोम गणू.’ जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, असं काही सापडलं तर तिच्यावर अर्धा तास खर्च करावा. ‘बिन’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे बायको, त्यामुळे या एका ओळीत राघू, गणू, भागीरथी आणि धोंडू अशा तीन पिढ्या मिळाल्या. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला तेव्हा धोंडू सज्ञान नव्हता, म्हणजे त्याच्या जन्मसालाचा अंदाजही हाती आला. पुढच्या एखाद्या नोंदीत ‘सखाराम, ए.कु.मॅ.’ असं दिसलं तर मात्र जपून वाचावं. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागायचं आणि धाकट्या भावांची नावं सातबाऱ्यावर यायचीच नाहीत. ‘आमच्या पणजोबांना भाऊ नव्हते’ असं ज्या घरांत सांगतात, त्यांतल्या बऱ्याच घरांतले भाऊ या आद्याक्षरांमागे असतात.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची. नावाशेजारी कंसात किंवा गोलात फेरफार क्रमांक असतात. त्यातला सर्वांत जुना उचलायचा, तो फेरफार काढायचा, त्यात उल्लेख असलेल्या आधीच्या नोंदीकडे जायचं. जुने सातबारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नसतील ते तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. शोध हमखास अडतो तो गट नंबरावर. एकत्रीकरण योजनेत जमिनींना गट नंबर मिळाले, त्याआधी सगळं सर्व्हे नंबरावर चालायचं. गट नंबर घेऊन १९४०चा कागद शोधला तर भलत्याच घराण्याची जमीन समोर येते. त्यामुळे आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढून गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता ते ठरवावं.

त्याच अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद. बऱ्याच गावांत ती मोडीत आहे. २०२३नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे कागद मोठ्या प्रमाणावर चाळले गेले आणि अनेक जिल्ह्यांनी ते आपल्या संकेतस्थळांवर टाकले. वंशशोध करणाऱ्या कुणालाही ते आज घरबसल्या पाहता येतात. शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख मात्र लगेच खरी धरू नये. तारीख माहीत नसलेल्या मुलांची १ जून लावायची गुरुजींची पद्धत होती. वर्षसुद्धा प्रवेशाचं वय बसेल असं मागेपुढे केलेलं असतं.

बायकांचा माग काढणं सर्वांत अवघड, कारण लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायचं. माहेरच्या गाव नमुना १४ मधली गोदा सासरच्या कागदात लक्ष्मीबाई होते आणि दोघी एकच हे कुठेच लिहिलेलं नसतं. इथे १९५६चा हिंदू वारसा कायदा उपयोगी पडतो. त्यानंतर मयत झालेल्या बापाच्या वारस नोंदीत मुलीही येतात, बहुधा सासरच्या नावाने, ‘लक्ष्मीबाई भ्रतार कृष्णा’ अशा थाटात. पुढे बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलेलं असेल तर त्यात त्यांचं वय आणि सासरचं गावही मिळतं. हा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीवरून शोधतात. बहिणींचा हिस्सा ज्या कागदाने गेला, त्याच कागदावर त्यांची ओळख टिकली आहे.

१८५०च्या मागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर पुणे पुरालेखागारात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती पाहाव्यात. हक्क सिद्ध करायला लोकांनी स्वतःच वंशावळी जोडल्या आहेत. अर्थात दाव्यासाठी काढलेली वंशावळ दाव्याला सोयीची असते, गैरसोयीचा भाऊ तीत निःसंतान मेलेला असू शकतो. जुन्या तारखा इसवी सनात बदलताना बरेच जण चुकतात. ‘सीत अर्बैन मया व अलफ’ ही अरबी अंकनावं, म्हणजे सहा, चाळीस, शंभर आणि हजार, मिळून शुहूर सन ११४६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७४५ येतं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. दख्खनी फसली सनात ५९० आणि शकात ७८ मिळवून साधारण इसवी सन मिळतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांनी स्वतः येऊन सांगितलेली नावं असतात. तिथे जाताना मूळ गावाचं नाव हवं, नुसत्या आडनावावर वही निघत नाही.

दगडावर लिहिलेली नावं आपल्याकडे थोडी, कारण बहुतेकांचं दहन होतं. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात समाधी असते, पण तिच्यावर अक्षरं असतीलच असं नाही. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा कमी असल्याने साध्या कबरी काही वर्षांनी उघडून पुन्हा वापरतात. तिथे क्रूस शोधत फिरण्यापेक्षा चर्चची बाप्तिस्मा आणि दफनाची रजिस्टरं पाहणं बरं.

थडगी वाचायला शिकायचं असेल तर कुलाब्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या बेने इस्राएलांची पाहावीत. नवगाव, पेण, रोहा, अष्टमी, किहीम या गावांवरून नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर झालेले हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या दगडांवर हिब्रू, मराठी आणि पुढे इंग्रजीही भेटते. वरची दोन हिब्रू अक्षरं, पे आणि नून, म्हणजे ‘येथे पुरले आहे’. हिब्रू सन अक्षरांत असतं आणि हजाराचा आकडा सहसा गाळतात. अक्षरांची बेरीज ६८५ आली तर १२४० मिळवायचे, म्हणजे १९२५. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून महिना तिश्री किंवा हेश्वान असेल तर एक वर्ष कमी धरायचं. हेश्वाननंतरच्या किस्लेव, तेवेत महिन्यांतही डिसेंबरअखेरपर्यंत हेच करावं लागतं. नावांचंही तसंच. दगडावरचा यहेज्केल सरकारी कागदात हसाजी असतो, शमुवेल समाजी आणि अब्राहाम आबाजी. ही जोडी माहीत नसेल तर एकाच माणसाची दोन माणसं होतात. दगडावर पीठ, खडू किंवा तारेचा ब्रश चालवू नये, अक्षरं कायमची झिजतात. सकाळी लवकर किंवा मावळतीला तिरप्या उन्हात फोटो काढला की पुसट कोरीव काम आपोआप उठून दिसतं.

डीएनएकडे वळायचं ते कागदांनी एखादा नेमका प्रश्न उभा केल्यावर. दोन गावांतली दोन घरं एकाच माणसाची का? ही गोदा त्या घरची लेक का? ‘आपण कुठले’ हे विचारायला चाचणी केली तर टक्क्यांचा रंगीत नकाशा मिळतो, त्यातून पणजीचं नाव मिळत नाही.

सर्वसाधारण चाचणी २२ जोड्या गुणसूत्रांवरची लाखो ठिकाणं वाचते आणि दोन माणसांचे कोणते तुकडे सारखे आहेत ते सांगते. तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. दर पिढीला आईबापाकडून निम्माच वाटा येतो आणि येताना तुकडे आणखी तुटतात, म्हणून नातं लांबलं की बेरीज घटते आणि तुकडेही आखूड होतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या शेअर्ड सीएम (म्हणजे सेंटिमॉर्गन) प्रकल्पाच्या तक्त्यात सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांची सरासरी ८६६ आहे. पणजोबा एक असलेल्यांची २२९ आणि खापरपणजोबा एक असलेल्यांची ७३. शेवटच्या नात्यात काही जोड्यांत शून्यही येतं, त्यामुळे न जुळणं म्हणजे नातं नसणं असं तिथे म्हणता येत नाही.

हा तक्ता आपल्याकडे जसाच्या तसा लावला की फसगत होते. तो ज्यांच्या आकड्यांवर उभा आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांचे आईबाप एकमेकांच्या नात्यात नव्हते. आपल्याकडे लग्नं शेकडो वर्षं जातीत, बऱ्याचदा पंचक्रोशीत, आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी झाली. २०१७मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या अभ्यासाने दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या मूळ पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी यहुद्यांपेक्षाही ठळक निघाला. अशा समूहात दोन अनोळखी माणसांतही बारीक तुकडे जुळतात आणि बेरीज फुगते. म्हणून आधी सर्वांत लांब तुकडा पाहावा. बेरीज ९० आहे, तुकडे नऊ आणि सर्वांत लांब १२चा, तर तो जुना साठलेला वारसा आहे. बेरीज तीच, पण तुकडे तीन आणि एक ५०चा, तर अलीकडचा पूर्वज एक असण्याची शक्यता मोठी. सातपेक्षा लहान तुकडे सोडूनच द्यावेत, त्यांत खोटे फार निघतात.

दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी दिल्या किंवा साटंलोटं झालं, तर घोळ आणखी वाढतो. अशा दोन जोडप्यांची मुलं दोन्हीकडून चुलत-मावस किंवा मामे-आते भावंडं होतात आणि बेरीज १७००च्या आसपास जाते. एकच बाप आणि दोन आया असलेल्या भावंडांचा आकडाही एवढाच. चाचणी करणारी कंपनी नातं सुचवताना ‘सावत्र भाऊ’ लिहून मोकळी होते आणि घरात कुणा आजीवर नाहक संशय येतो. उत्तर आकड्यात नाही, आलेखात आहे. कंपनीकडून कच्ची माहिती उतरवून घेऊन जीईडीमॅच या डीएनए-तुलनेच्या संकेतस्थळावर दोघांची तुलना करावी. गुणसूत्राच्या दोन्ही प्रती जुळतात तिथे हिरवा पट्टा येतो, एकच जुळते तिथे पिवळा. दुहेरी भावंडांत जनुकसंचाचा सुमारे सोळावा भाग हिरवा असतो. बाप एक आणि आया एकमेकींच्या नात्यात नसलेल्या भावंडांत मोठे हिरवे पट्टे नसतात. त्याच ठिकाणी आईवडील नात्यातले आहेत का हे पाहायचं साधनही आहे. कुणाचेही आकडे वाचण्याआधी ते चालवून घ्यावं, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आडनावाच्या वाटेने जातं, पण आपली आडनावं त्याच्याबरोबर जातातच असं नाही. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनं, त्यामुळे एकाच आडनावाची शेकडो वेगळी घराणी आहेत. उलट वतन मिळालेल्या शाखेचं आडनाव बदललं आणि मूळ शाखेचं तेच राहिलं, असंही झालं आहे. दोन शाखांतल्या एकेका पुरुषाची वाय गुणसूत्रावरच्या ३७ खुणांची चाचणी करून ३५ किंवा अधिक जुळल्या तर एक मूळ पुरुष मानायला आधार मिळतो. ३०च्या खाली जुळल्या तर कागद पुन्हा उघडायचा आणि आधी दत्तक शोधायचं. दत्तक भाऊबंदांतून आलं असेल तर वाय तोच राहतो, चाचणीला पत्ताही लागत नाही. मुलीचा मुलगा किंवा बायकोच्या माहेरचा मुलगा घेतला असेल तर आडनाव तेच राहून वाय बदलतो. घरजावयाच्या मुलांनी आजोळचं आडनाव लावलं तरी हेच होतं. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएने गोदा आणि लक्ष्मीबाई एकच हे सिद्ध होत नाही, कारण तो फार सावकाश बदलतो आणि हजारो बायकांत सारखा असू शकतो. गोदाच्या बहिणींकडून आणि लक्ष्मीबाईच्या मुलींकडून, बायकांच्याच वाटेने आलेल्या वंशजांचा तो वेगळा निघाला, तर दोघी एक नाहीत हे मात्र कळतं.

भारतात चाचणी केलेली माणसं थोडी आहेत, आपोआप जुळणी येईल म्हणून वाट पाहण्यात वर्षं जातात. प्रश्नाला लागू पडणारी माणसं निवडून त्यांची चाचणी करावी आणि घरातल्या सर्वांत वडील माणसापासून सुरुवात करावी. आजीकडे जो डीएनए आहे त्याचा सुमारे चौथा हिस्साच नातवापर्यंत पोहोचतो. लाळेचा नमुना देण्याआधी अर्धा तास खाणंपिणं, तंबाखू, मिश्री काही नको. मिश्री लावणाऱ्या आजीला आधी चांगली चूळ भरायला सांगून मग अर्धा तास थांबावं. म्हातारपणी तोंड कोरडं पडतं आणि नळी रेषेपर्यंत भरत नाही. अशा वेळी गालावरून हलके चोळावं, किंवा मुळातच गालाच्या आतून बोळा फिरवायचं किट मागवावं. आणि निकालात काय काय निघू शकतं, दत्तक, दुसरं लग्न, न सांगितलेलं मूल, हे त्यांना चाचणीआधी त्यांच्या भाषेत समजावून सांगावं. त्या नको म्हणाल्या तर फेरफारावरच पुढे जावं.