शीर्षकसंकेत (क्रीडालेख)

अनेकांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन विश्वकोशात पानाला कोणते नाव द्यायचे, ते कसे लिहायचे आणि त्याच विषयाची बाकीची नावे कुठे वळवायची, याविषयी संपादकांनी आपसात ठरवलेल्या नियमांना शीर्षकसंकेत म्हणतात. ही नोंद १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील क्रीडालेखांना, त्यातही क्रिकेटच्या लेखांना धरून आहे. खेळांच्या पानांना संकेतांची गरज जास्त भासते. तीच स्पर्धा पुन्हा पुन्हा होते, तोच संघ त्याच देशाच्या दौऱ्यावर परत जातो, प्रायोजक बदलला की करंडकाचे नाव बदलते आणि खेळाडूंची कितीतरी नावे परभाषेतून येतात.

छापील कोशात शीर्षक वर्णानुक्रमात सापडले की त्याचे काम झाले. विकीवर शीर्षक हाच पानाचा पत्ता असतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमध्ये एका नामविश्वात (म्हणजे पानांच्या एका विभागात) एका नावाचे एकच पान असू शकते. दुसऱ्या लेखात ते नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिले की दुवा तयार होतो. त्यात एक वेलांटी चुकली, तरी दुवा लाल दिसतो, म्हणजे असे पानच नाही असे सॉफ्टवेअर धरून चालते. मग कुणीतरी उत्साहाने त्या लाल दुव्यावर टिचकी मारतो आणि आधीच असलेला लेख नव्याने लिहायला बसतो. एकाच खेळाडूवरचे दोन अर्धवट लेख बहुधा असेच जन्माला येतात.

नावे

मूळ संकेत असा की मराठी वाचकाच्या तोंडी रुळलेले नाव शीर्षकात घ्यावे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे पैलवान इंग्रजी याद्यांत के. डी. जाधव म्हणून येतात. मराठी माणसासाठी ते खाशाबा जाधवच. लेख ‘खाशाबा जाधव’ या नावाने असावा आणि ‘के.डी. जाधव’ हे शीर्षक तिकडे वळवलेले असावे. या वळवण्याला मराठी विकिपीडियावर पुनर्निर्देशन म्हणतात. पैलवान, सर, पद्मश्री अशा उपाध्या शीर्षकात येत नाहीत. ‘डॉन ब्रॅडमन’ एवढे पुरे. त्यांची ‘सर’की लेखाच्या पहिल्या ओळीत सांगता येते. वडिलांचे नावही गाळतात: ‘सचिन तेंडुलकर’, ‘सचिन रमेश तेंडुलकर’ नव्हे.

सर्वात जास्त जपावे लागते ते मराठी नावांना, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मराठी नाव रोमन लिपीत जाऊन परत देवनागरीत येते तेव्हा वाटेत त्याचे काहीतरी सांडलेले असते. ऋतुराज गायकवाड परततो तो ‘रुतुराज’ होऊन. तेंडुलकर हिंदीतून आले की ‘तेंदुलकर’ होतात. धावफलक उतरवून घेणाऱ्याला ही चूक दिसत नाही, आणि विश्वकोशातले नाव पुढे इतर ठिकाणी जसेच्या तसे उचलले जाते, म्हणून ती पसरते. ‘गावसकर’ की ‘गावस्कर’ हा प्रश्न वेगळा, कारण दोन्ही रूपे मराठीतच छापली जातात. तिथे लेखासोबतच्या चर्चापानावर एक रूप ठरवून सर्व लेखांत तेच वापरणे एवढाच मार्ग उरतो. परदेशी नाव त्या माणसाच्या उच्चाराप्रमाणे लिहावे. दक्षिण आफ्रिकेच्या फाफ डू प्लेसीच्या आडनावात रोमन लिपीत शेवटी ‘स’ दिसतो, पण तो उच्चारत नाहीत.

सामान्यनामांतही मराठीची स्वतःची घडी आहे. आपण कपला चषक आणि ट्रॉफीला करंडक म्हणतो, म्हणून रणजी करंडक, दुलीप करंडक. वर्ल्ड कपसाठी मात्र वृत्तपत्रांत ‘विश्वचषक’ आणि ‘विश्वकरंडक’ दोन्ही चालतात. विकीवर ‘विश्वचषक’ घेणे सोयीचे. फुटबॉलला ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही. बुद्धिबळाला ‘चेस’ म्हणण्यात तर त्याहून नाही. यष्टिरक्षक हा शब्द समासात असल्यामुळे त्यातली ‘ष्टि’ ऱ्हस्व, हेही शीर्षक देताना पाहावे.

स्पर्धा आणि दौरे

दौऱ्याच्या लेखांचा साचा ठरलेला आहे: पाहुणा संघ, यजमान देश, स्वल्पविराम, हंगाम. उदाहरणार्थ, ‘भारतीय क्रिकेट संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा, २०२०-२१’. वर्षे देवनागरी आकड्यांत आणि मध्ये कळफलकावरची साधी आडवी रेघ. इंग्रजी विकिपीडियावर तिथे लांब रेघ असते. ती नक्कल करून आणली की शीर्षक वेगळे होते. ‘२०११’ आणि इंग्रजी आकड्यांतले तेच वर्ष ही सॉफ्टवेअरच्या लेखी दोन नावे आहेत, म्हणून इंग्रजी आकड्यांच्या शीर्षकाचे पुनर्निर्देशन करून ठेवलेले बरे.

प्रायोजकाचे नाव शीर्षकात नको. १९७५, १९७९ आणि १९८३ चे विश्वचषक अधिकृतपणे प्रुडेन्शियल चषक होते, पण कपिल देवच्या संघाने प्रुडेन्शियल चषक जिंकला असे कुणी म्हणत नाही. तोच विचार नाव बदललेल्या स्पर्धेलाही लागू पडतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ‘वर्ल्ड ट्वेंटी२०’चे ‘टी२० विश्वचषक’ असे नामांतर २०१८ मध्ये जाहीर केले. आधीच्या आवृत्त्यांची पानेही आजच्या नावाखाली एका माळेत ठेवावीत आणि तेव्हाचे नाव पहिल्या वाक्यात द्यावे.

स्त्री-पुरुष भेदाच्या बाबतीत मात्र चालत आलेली पद्धत सदोष आहे. पुरुषांच्या स्पर्धेला नुसते ‘क्रिकेट विश्वचषक’ आणि स्त्रियांच्या स्पर्धेला ‘महिला क्रिकेट विश्वचषक’ असे म्हटले की पहिली मूळ आणि दुसरी पोटशाखा वाटते. इतिहास उलट आहे. महिलांचा पहिला विश्वचषक इंग्लंडमध्ये १९७३ साली झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी. पुरुषांच्या २०२३ च्या स्पर्धेच्या अधिकृत इंग्रजी नावातही ‘पुरुष’ या अर्थाचा शब्द आहे. शीर्षकांत दोन्हीकडे भेद स्पष्ट लिहिणे हेच न्याय्य.

नामांतर आणि नामसाधर्म्य

आयपीएलमध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सचे दिल्ली कॅपिटल्स २०१८ च्या डिसेंबरमध्ये झाले, किंग्स इलेव्हन पंजाबचे पंजाब किंग्स २०२१ मध्ये. संघाचे पान नव्या नावाकडे हलवतात. या क्रियेला स्थानांतरण म्हणतात, आणि जुने नाव पुनर्निर्देशन म्हणून मागे राहते. जुन्या हंगामाच्या मजकुरात मात्र तेव्हाचेच नाव दिसले पाहिजे. पाकिस्तानचा फलंदाज मोहम्मद युसुफ याने २००५ मध्ये धर्मांतर करून हे नाव घेतले. त्याआधीच्या सामन्यांच्या धावफलकात तो ‘युसुफ योहाना’ म्हणून दिसावा. दुवा आजच्या पानाकडे जाईल.

एकाच नावाच्या दोघांना वेगळे करायला कंसातली खूण देतात. ती नेमकी निवडावी लागते. स्टीव्ह स्मिथ नावाचे ऑस्ट्रेलियाचे दोन कसोटीपटू आहेत, त्यामुळे ‘(क्रिकेट खेळाडू)’ लिहून काहीच साधत नाही. ‘(जन्म १९६१)’ लिहिले की साधते. ‘नवाब पतौडी’ हे इफ्तिखार अली खान आणि मन्सूर अली खान या पितापुत्रांना जोडणारे निःसंदिग्धीकरण पान (म्हणजे यांतला कोण हवा ते वाचकाला निवडू देणारे पान) असावे, कारण भारताचे कर्णधार दोघेही होते.

लिपीतल्या अडचणी

शीर्षक जास्तीत जास्त २५५ बाइटचे असू शकते; बाइट म्हणजे संगणकातली साठवणुकीची जागा मोजायचे एकक. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठीला सुमारे ८५ चिन्हे मिळतात. वरचे ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे शीर्षक एकटे १२७ बाइट घेते. लांबलचक स्पर्धानामांपुढे गटाचे आणि फेरीचे नाव जोडत जाणाऱ्याला ही भिंत लवकर लागते.

याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲशेस’ मधला ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली आले. त्याआधी तो ‘अ’ पुढे चंद्र जोडून लिहीत, कधी दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही असे. तिन्ही प्रकार आजही टंकले जातात. बऱ्याच फाँटांत ते सारखेच दिसतात, पण विकीसाठी ती तीन वेगळी शीर्षके आहेत. खाशाबांच्या लेखातला ‘कऱ्हाड’चा दुवा असाच फसवा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पहिले रूप १८ बाइट भरते, दुसरे २१. ‘र’ आणि नुक्ता सुटे टंकले तर मीडियाविकी ते आपोआप ‘ऱ’मध्ये एकत्र करते, मात्र या दोन रूपांचा मेळ घालत नाही. तो संपादकाला हाताने घालावा लागतो: एका रूपात लेख, उरलेल्यांची पुनर्निर्देशने. प्रत्येक पुनर्निर्देशन थेट लेखाकडेच हवे. मीडियाविकी एकच उडी घेते, त्यामुळे पुनर्निर्देशनातून दुसऱ्या पुनर्निर्देशनाकडे गेलेला वाचक मध्येच अडकतो. म्हणून स्थानांतरणानंतर ‘येथे काय जोडले आहे’ ही यादी उघडून जुन्या नावांची टोके एकेक करून नव्या पानाला बांधतात.