हरकत द्यायला सात-बारा लागत नाही, मुदत मात्र पाळावी लागते

सोलापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या मावशींच्या घरावरून शहराच्या नव्या आराखड्यातली रस्ता रुंदीकरणाची रेघ जात होती. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. हरकत द्यायला गेल्या तर टेबलावरून उत्तर आलं, "उतारा आणा, त्यावर तुमचं नाव पाहिजे." उताऱ्यावर नाव सासऱ्यांचं, आणि ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मावशी वारसनोंदीसाठी हेलपाटे घालत राहिल्या. नोंद होऊन उतारा हातात पडला तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते, अर्ज घेतलाच नाही. तो उतारा मुळात लागतच नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

म्हणून आधी तेच सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे रस्ते, मैदानं, शाळा कुठे होणार याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला की त्यावर "कोणतीही व्यक्ती" लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते (कलम २६ ते २८). मंजूर आराखड्यात नंतर एखादा फेरबदल करायचा असेल, समजा मैदानाचं आरक्षण, म्हणजे मैदानासाठी राखून ठेवलेली जागा, बदलायचं आहे, तर कलम ३७ ची नोटीस निघते. तिथेही कोणतीही व्यक्ती. भाडेकरू, बोळातला शेजारी, त्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांचे आईवडील, सगळे यात आले. मालकीचा कागद असेल तर जरूर जोडा. नसेल तर घरपट्टीची पावती, वीजबिल, आधार जोडा आणि मुदतीत अर्ज द्या. उतारा मिळाला की सुनावणीत दाखवता येतो.

१९९२ च्या हद्दवाढीनंतर सोलापूर सुमारे १७८ चौरस किलोमीटरवर पसरलं. त्या हद्दवाढ भागात कितीतरी जागा बाँडवर किंवा नोटरीवर घेतलेल्या आहेत, सात-बारावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव. अशा वेळी अर्जात "मालक" लिहू नका, "रहिवासी" लिहा. खोटं एक वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडे कुणी बघत नाही.

आता मुदत. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. पेपरात जाहिरात वाचली त्या दिवसापासून महिना मोजतात, काही जण तर नगरसेवकाने सांगितलं त्या दिवसापासून. तसं चालत नाही. महाराष्ट्र शासन राजपत्रात, म्हणजे आपल्यासाठी त्याच्या पुणे विभागाच्या पुरवणीत, नोटीस येते आणि दिवस तिथून सुरू होतात. कलम ३७ साठी मुदत एक महिन्याची. प्रारूप आराखड्याची मुदत त्या नोटिशीतच लिहिलेली असते, तीच धरा, मागच्या वेळची आठवण धरू नका. नोटिशीची तारीख आणि राजपत्राची तारीख वेगळी दिसली तर आधीची धरा. शेवटचा दिवस रविवारी येत असेल तर शुक्रवारीच अर्ज देऊन मोकळे व्हा.

अर्ज कुणाकडे द्यायचा, हेही नोटिशीतच असतं. महापालिकेने काढलेली नोटीस असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज, महापालिकेच्या आवक विभागात. पण आराखड्याला मंजुरी देताना सरकारने स्वतः मोठे बदल सुचवले असतील (कलम ३१), तर त्यावरच्या हरकती बहुतेक वेळा नगररचना विभागाच्या पुण्यातल्या सहसंचालकांकडे द्यायच्या असतात. तो अर्ज इथे महापालिकेत देऊन गाफील राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" असं म्हणाले तर थांबा. पोच नाही म्हणजे हरकत नाही.

मजकुराबद्दल कळकळीने सांगतो. "सदर आरक्षण अन्यायकारक असून रद्द करावे" एवढं लिहून काही होत नाही. आधी नगररचना कार्यालयात नकाशा बघा, आपल्या भागाचा भाग नकाशा फी भरून घ्या. मग सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, तिथे आज प्रत्यक्ष काय आहे आणि तुम्हाला नेमका काय बदल हवा, हे चार मुद्दे लिहा. "रस्ता दक्षिणेकडच्या मोकळ्या पट्ट्यातून घेतल्यास बारा घरे वाचतात" हे एक वाक्य, सोबत हाताने काढलेला नकाशा आणि दोन फोटो, पानभर कैफियतीपेक्षा कामाला येतात. चारशे सह्यांचं एकच निवेदनही देऊ नका. ती एकच हरकत धरली जाते आणि सुनावणीचं पत्र पहिल्या नावाला जातं. घरटी वेगळा अर्ज द्या.

एक गल्लत मात्र टाळा. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली, तरी आरक्षित जागा संपादित झाली नाही, म्हणून ती मोकळी करून मागायची असेल तर ती कलम १२७ ची नोटीस. ती फक्त मालक किंवा हितसंबंधी माणूसच देऊ शकतो, मालकी हक्काचे कागद जोडावेच लागतात, आणि नोटीस पोहोचल्यापासून २४ महिने थांबावं लागतं. टेबलावर उतारा मागतात तो बहुधा याच सवयीने.

प्रारूप आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते, त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ज्याने लेखी हरकत दिली त्यालाच बोलण्याची संधी मिळते, म्हणून अर्जावर चालू पत्ता आणि फोन नंबर ठळक लिहा. भाड्याचं घर बदललं तर तसं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी नशीब, तेव्हा नकाशावर बोट ठेवून आधी मागणी सांगा, घराचा इतिहास नंतर. निकालाचं पत्र घरी येईलच असं नाही. मंजुरीची अधिसूचना पुन्हा त्याच राजपत्रात निघते, तिकडे लक्ष ठेवा.