चष्मा सुटतो, वलयं येतात: मल्टिफोकल लेन्सची पार्श्वभूमी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘समाधान’ कशाला म्हणायचं, ही कल्पना गेल्या पाऊणशे वर्षांत निदान दोनदा बदलली. आज लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स बसवलेला माणूस घोडबंदर रोडवर रात्री गाडी चालवताना समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलयं दिसली की नाराज होतो. त्याच्या आजोबांना ऑपरेशननंतर घरातलं माणूस चेहऱ्यावरून ओळखता आलं, तरी ते खूश असत.

आजोबांच्या काळी मोतीबिंदू काढत, त्या जागी काही बसवत नसत. मग साधारण +१० नंबरचा जाड भिंगाचा चष्मा लागायचा. त्यातून सगळं पाव पट मोठं दिसे आणि जिन्याची पायरी चुके. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दोन डोळ्यांची लहानमोठी चित्रं जुळतच नसत. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. लेन्स बसली, पण नंबर साफ चुकला. नैसर्गिक भिंगाचा आकार तसाच उचलला होता आणि प्लास्टिक प्रकाशाला त्याहून जास्त वाकवतं, त्यामुळे रुग्णाला भलामोठा मायनस नंबर आला. नंबरची ही अचूकता पुढे मल्टिफोकलच्या बाबतीत कळीची ठरणार होती.

१९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांचं फेको तंत्र आलं: ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा भुगा करून तो बारीक छेदातून ओढून घ्यायचा. पुढे घडी होणाऱ्या लेन्स आल्या आणि छेद तीन मिलिमीटरच्या आत गेला. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून स्वस्त लेन्स बनवायला घेतल्या आणि शिबिरातल्या रुग्णालाही लेन्स परवडू लागली. या टप्प्यावर लांबचं स्वच्छ दिसणं आणि पेपर वाचायला +२.५ चा चष्मा, हे समाधान मानलं जाई. साध्या, म्हणजे एकाच अंतरावर फोकस करणाऱ्या मोनोफोकल लेन्सचा तोच सौदा आजही आहे, आणि तो वाईट नाही.

वाचायचा चष्माही नको, हा आग्रह तिसऱ्या टप्प्यावरचा. दोन अंतरांवर फोकस करणाऱ्या लेन्स १९८० च्या दशकात डोळ्यात बसू लागल्या. अमेरिकेत १९९७ मध्ये ॲरे या लेन्सला मंजुरी मिळाली. तिच्यावर लांबच्या आणि जवळच्या नंबरची वर्तुळं एकाआड एक होती, मधलं लांबचं. भर उन्हात बाहुली आक्रसली की फक्त मधलं वर्तुळ उरे आणि वाचायचं दिसेनासं होई. रात्री बाहुली मोठी झाली की वलयं दिसत.

मग प्रकाश विभागून वेगवेगळ्या अंतरांच्या फोकसला पाठवणाऱ्या डिफ्रॅक्टिव्ह लेन्स आल्या. त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्यांची वलयं कोरलेली असतात. साध्या दुहेरी रचनेत सुमारे ४१ टक्के प्रकाश लांबच्या फोकसला, ४१ टक्के जवळच्या फोकसला जातो आणि उरलेला १८ टक्के वाया जातो. डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) एक चित्र स्पष्ट असतं तेव्हा दुसऱ्या फोकसचा प्रकाश त्यावर धुरकट पसरलेला असतो. रात्री दिव्याभोवती दिसणारं वलय हेच. हा लेन्समधला दोष नव्हे, तिच्या कामाचीच ती किंमत आहे. ऑपरेशनआधी हे रुग्णाला कुणी सांगत नाही तेव्हा भांडणं होतात.

२००५ च्या रीस्टोर लेन्समध्ये जवळचा वाढीव नंबर +४ होता. त्यानं पुस्तक फूटभर अंतरावर आणावं लागे आणि हातभर लांबचा कॉम्प्युटर पुसट दिसे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात आठ तास बसणाऱ्याला हे कसं चालणार? नंबर +३ वर आणल्यावर वाचायचं अंतर ४० सेंटिमीटरच्या आसपास गेलं. २०१० च्या सुमारास युरोपात ट्रायफोकल, म्हणजे तीन अंतरांवर फोकस करणाऱ्या लेन्स आल्या आणि मधलं अंतरही सुधारलं. त्या जातीच्या पॅनऑप्टिक्सला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेली सिम्फनी लेन्स फोकस ताणून लांबवते. तिच्यात कॉम्प्युटर छान दिसतो, पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला बऱ्याचदा चष्मा घ्यावा लागतो.

तुलनात्मक अभ्यासांचा सूर सारखाच आहे: मोनोफोकलपेक्षा चष्मा सुटणारे जास्त, वलयांची तक्रारही जास्त, आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदातला फरक ओळखणं, कमी. म्हणूनच तक्त्यावर ६/६ वाचणारा माणूसही “धुरकट दिसतं” म्हणतो. तक्ता पांढऱ्यावर काळा असतो; संध्याकाळची राखाडी पायरी त्यात मोजली जात नाही.

नाराजीची कारणं बहुतेक वेळा शोधून सापडतात. अर्धा-पाऊण डायॉप्टरचा (डायॉप्टर हे नंबराचं एकक) उरलेला नंबर, विशेषतः तिरकस (सिलिंड्रिकल) नंबर, मोनोफोकलमध्ये खपून जातो. मल्टिफोकलमध्ये सगळेच फोकस बिघडतात. डोळ्याची लांबी ०.१ मिलिमीटर चुकली तरी पाव डायॉप्टरच्या आसपास फरक पडतो. डोळ्याला टेकवून केलेल्या ए-स्कॅनमध्ये (लांबी मोजायच्या सोनोग्राफीत) बुबुळ (कॉर्निया) जरासं दबतं, तेवढ्यानंही हे होऊ शकतं. म्हणून ऑप्टिकल बायोमेट्री, म्हणजे न टेकवता प्रकाशानं घेतलेलं माप, हवं. डोळे कोरडे असतील तर आधी त्यांचा इलाज करून मग माप घ्यावं, नाहीतर बुबुळाची वक्रता दर वेळी वेगळी येते. पडद्याचा ओसीटी (थरांचा स्कॅन) टाळू नये: मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब असेल किंवा काचबिंदू पुढे गेलेला असेल तर आधीच कमी असलेला कॉन्ट्रास्ट आणखी घटतो. रात्रपाळीत गाडी चालवणाऱ्याला मोनोफोकलच बरी.

वलयं बऱ्याच जणांना तीन ते सहा महिन्यांत जाणवेनाशी होतात. या काळात घाईनं यॅग लेसर करून लेन्समागचं आवरण उघडू नये. सुरुवातीला छान दिसून महिन्यांनी पुसट होऊ लागलं आणि लेन्समागच्या आवरणावर धुरकट जाळी दिसत असेल, तर यॅग योग्य. तक्रार पहिल्या दिवसापासूनची असेल तर आधी उरलेला नंबर, कोरडेपणा आणि लेन्स मध्यावर आहे का, ते तपासावं. एकदा आवरण उघडलं की डोळ्यातला व्हिट्रियस हा जेलीसारखा पदार्थ पुढे यायची भीती असते आणि लेन्स बदलणं फार जोखमीचं होऊन बसतं.