सोशल केअरचे नेतृत्व नेमके कुणाकडे?

सेन्सबरीज या किराणा साखळीचे एक ज्येष्ठ अधिकारी सर रॉय ग्रिफिथ्स यांनी 1988 मध्ये ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. वृद्ध आणि अपंगांची घराजवळ होणारी देखभाल ही 'सगळ्यांची लांबची नातेवाईक, पण कुणाचंच मूल नाही', असे त्यांनी त्यात लिहिले. इंग्लंडमधल्या सोशल केअरचे, म्हणजे वृद्ध आणि अपंगांना रोजच्या जगण्यात लागणाऱ्या देखभालीचे, दुखणे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल.

माझ्या मते या दुखण्याचे मूळ 5 जुलै 1948 या दिवसात आहे. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार सर्वांसाठी मोफत झाले. नॅशनल असिस्टन्स कायदाही त्याच दिवशी लागू झाला. त्याने निराधारांसाठीचा जुना गरीब-कायदा (पुअर लॉ) संपवला, पण निराधार वृद्धांच्या निवासाचे काम स्थानिक कौन्सिलकडे दिले, तेही ऐपत पाहून पैसे घेण्याच्या अटीवर. त्यामुळे आजही कर्करोगाचे उपचार सरकार करते, तर स्मृतिभ्रंश झालेल्याच्या देखभालीचा खर्च अनेकदा कुटुंबाच्या माथी येतो.

समाजसेवांचा आढावा घेणाऱ्या सीबोम समितीच्या शिफारशींवरून 1970 च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या कौन्सिलला समाजसेवा संचालक नेमणे बंधनकारक केले. जाब विचारायला एक माणूस मिळाला. पण 1990 च्या कायद्यानंतर कौन्सिल स्वतः सेवा देण्याऐवजी ती विकत घेऊ लागल्या आणि केअर होम (वृद्धांना ठेवून त्यांची देखभाल करणारी केंद्रे) मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्यांकडे गेली. 2004 च्या कायद्याने संचालकपदही मुलांसाठी आणि प्रौढांसाठी असे विभागले. 2011 मध्ये सदर्न क्रॉस ही केअर होम चालवणारी सर्वांत मोठी कंपनी इमारतींच्या वाढत्या भाड्याखाली कोसळली आणि सुमारे 31,000 वृद्धांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला.

मार्च 2020 मध्ये कोविडसाठी खाटा मोकळ्या करताना रुग्णालयांनी अनेक वृद्धांना चाचणीविना केअर होममध्ये पाठवले. तिथले निर्णय मॅनेजरनाच घ्यावे लागले: कुणाला वेगळे ठेवायचे, भेटी कधी बंद करायच्या, अपुरे मास्क कसे पुरवायचे. काही ठिकाणी कर्मचारी घरदार सोडून होममध्येच राहिले. खरे नेतृत्व त्यांनी केले, आणि अधिकार मात्र त्यांच्याकडे सर्वांत कमी होते.

प्रौढांच्या सोशल केअरसाठी पहिली मुख्य परिचारिका सरकारने डिसेंबर 2020 मध्ये नेमली. मार्च 2020 मध्ये वृद्धांना चाचणीविना केअर होममध्ये पाठवताना लक्षणे नसलेल्यांकडूनही संसर्ग पसरू शकतो, हा धोका सरकारने विचारात घेतला नाही आणि म्हणून ते धोरण बेकायदा होते, असा निकाल उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला.